सैनिकाची सेवा आणि पाल्याचे शिक्षण : पात्रतेच्या नियमांचा आढावा

भारतीय भूदलातील शिपाई साधारणतः विशीच्या आत-बाहेर भरती होतो, पेन्शनला लागणारी किमान १५ वर्षांची सेवा पूर्ण करून पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास घरी परततो, आणि नेमक्या त्याच काळात त्याची मुले माध्यमिक शाळा संपवून महाविद्यालयाकडे वळू लागतात. सेवेत असताना त्याला दोन अपत्यांपर्यंत बालशिक्षण भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर १ जुलै २०१७ पासून हा भत्ता दर अपत्यामागे दरमहा २,२५० रुपये होता आणि १ जानेवारी २०२४ पासून तो २,८१२ रुपये ५० पैसे झाला. परंतु हा भत्ता बारावीपर्यंतच असतो आणि निवृत्तीनंतर तोही उरत नाही. पगाराच्या जागी पेन्शन येते, तर शिक्षणाचा खर्च त्याच वेळी वाढू लागतो. म्हणून सैनिकाच्या सेवेतून निर्माण होणारा शैक्षणिक लाभ त्याच्या कुटुंबातील कोणाला, कोणत्या अटींवर आणि किती काळ मिळावा, हा प्रश्न लष्करी सेवेच्या मोबदल्याचाच एक भाग ठरतो.

आषाढी एकादशीच्या रथोत्सवासाठी ओळखल्या जाणाऱ्या आणि आता जळगाव महापालिकेच्या हद्दीत असलेल्या पिंप्राळ्यात किंवा खानदेशातील अन्य कोणत्याही वस्तीत राहणाऱ्या माजी सैनिकाच्या दृष्टीने या प्रश्नाची उत्तरे तीन-चार निरनिराळ्या दारांशी विखुरलेली आहेत. केंद्रीय सैनिक बोर्डाचे नियम वेगळे, संरक्षण मंत्र्यांच्या कल्याण निधीचे वेगळे, महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेचे वेगळे आणि लष्कराच्या स्वतःच्या महाविद्यालयांचे आणखी वेगळे. या सर्व नियमांचा एकत्रित विचार केला असता एक गोष्ट ठळकपणे दिसते : भारतात लाभ पाल्याला मिळतो, पण त्याची पात्रता सैनिकाच्या सेवेतील जुन्या नोंदींवरून ठरते, आणि त्या नोंदी पाल्य महाविद्यालयात जाईपर्यंत सहसा कोणी बारकाईने पडताळून पाहत नाही.

हस्तांतर आणि स्वतंत्र हक्क

सैनिकाच्या शैक्षणिक लाभाकडे पाहण्याच्या दोन पद्धती जगात रूढ आहेत. पहिल्या पद्धतीत लाभ सैनिकाचा स्वतःचा असतो आणि तो इच्छेनुसार कुटुंबीयांच्या नावे करता येतो. दुसरीत कुटुंबीयांना सैनिकाशी असलेल्या नात्यामुळे आणि अवलंबित्वामुळे सरळ लाभ मिळतो, तो कोणी कोणाला देत नाही.

पहिल्या पद्धतीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेचे आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी २२ जून १९४४ रोजी झालेल्या कायद्याने, जो जीआय बिल या नावाने ओळखला जातो, सैनिकाच्या स्वतःच्या शिक्षणाचा खर्च शासनाने उचलला. पुढे २००८ मध्ये संमत होऊन १ ऑगस्ट २००९ पासून लागू झालेल्या ‘पोस्ट नाइन-इलेव्हन जीआय बिल’ या कायद्याने ३६ महिन्यांपर्यंतचा हा लाभ पत्नीच्या, पतीच्या किंवा अपत्यांच्या नावे करण्याची मुभा मोठ्या प्रमाणावर दिली. त्याच्या अटी मात्र कडक आहेत : सैनिकाची किमान ६ वर्षे सेवा झालेली असावी, त्याने आणखी ४ वर्षे सेवा करण्याचे मान्य करावे, आणि अर्ज सेवेत असतानाच करावा. जोडीदाराला लाभ लगेच घेता येतो; अपत्याला मात्र सैनिकाची १० वर्षे सेवा पूर्ण झाल्यावर आणि स्वतःचे शालेय शिक्षण किंवा वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच तो सुरू करता येतो व २६ व्या वर्षापर्यंत वापरता येतो. युद्धात जखमी झाल्याबद्दलचे ‘पर्पल हार्ट’ पदक मिळालेल्या सेवेतील सैनिकाला वाढीव सेवेची अट नाही. सैनिकाला हे वाटप नंतर बदलता येते किंवा रद्द करता येते, आणि घटस्फोटाच्या वेळी हा लाभ वैवाहिक मालमत्ता म्हणून वाटून घेता येत नाही.

यावरून अमेरिकी हस्तांतराचा हेतू स्पष्ट होतो. तो कुटुंबाच्या कल्याणाइतकाच अनुभवी सैनिकाला सेवेत टिकवून धरण्याचा आहे. म्हणूनच गणवेश उतरवलेल्या सैनिकाला, त्याची गरज कितीही मोठी असली तरी, नव्याने हस्तांतर करता येत नाही. सेवेत मृत्यू पावलेल्यांच्या मुलांसाठी मात्र तेथेही हस्तांतराचा मार्ग नसून ‘फ्राय शिष्यवृत्ती’सारख्या योजनांतून मुलांचा स्वतंत्र हक्क मानला जातो. भारताची जवळजवळ सारी व्यवस्था या दुसऱ्या तत्त्वावर उभी आहे.

भारतीय व्यवस्थेची जडणघडण

भारतात सैनिकाच्या मुलांच्या शिक्षणाची सोय प्रथम शाळांच्या रूपाने झाली. ब्रिटिश राजवटीत सैनिकांच्या मुलांसाठी किंग जॉर्ज यांच्या नावाने लष्करी शाळा काढण्यात आल्या. त्याच मालिकेतील बेळगावची शाळा १९४५ मध्ये सुरू झाली आणि आज ती राष्ट्रीय मिलिटरी स्कूल म्हणून चालते. स्वातंत्र्यानंतर २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात देशातील पहिली सैनिक स्कूल सुरू झाली. सैनिक स्कूलमध्ये मागासवर्गीयांच्या राखीव जागा वगळून उरलेल्या जागांपैकी २५ टक्के जागा सेवेतील आणि माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी असतात.

पैशाच्या रूपातील हक्काचा पाया १९७१ च्या युद्धाने घातला. युद्धात मृत्यू पावलेल्या, बेपत्ता झालेल्या आणि कायमचे अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांचा शिक्षणखर्च शासन उचलेल, अशी घोषणा १८ डिसेंबर १९७१ रोजी लोकसभेत झाली. या सवलतीत शिक्षणशुल्क, वसतिगृहाचा खर्च, पुस्तके आणि गणवेश यांचा समावेश असून ती पहिल्या पदवीपर्यंत चालते. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये शुल्क आणि वसतिगृह यांच्या एकत्रित रकमेवर दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घालण्यात आली. सैनिक संघटना आणि सैन्यदले यांनी तीव्र आक्षेप घेतल्यावर मार्च २०१८ मध्ये ती काढून टाकण्यात आली. हुतात्म्याच्या मुलाला मिळणारी मदत ही शासनाने फेडायची बाकी आहे, तिला भत्त्यांच्या कोष्टकात बसवता येत नाही, हे तत्त्व त्या माघारीने मान्य झाले, आणि ते मान्य होणे न्याय्यच होते.

माजी सैनिक कोणाला म्हणायचे

पुढील सर्व पात्रता ज्या एका व्याख्येवर उभी आहे, ती ‘माजी सैनिक’ या संज्ञेची आहे. सैन्यात काही काळ काढलेली प्रत्येक व्यक्ती कायद्याच्या अर्थाने माजी सैनिक होत नाही. सेवेतून बाहेर पडल्याची तारीख आणि बाहेर पडण्याचे कारण या दोन गोष्टींवर व्याख्या अवलंबून असते. आज ढोबळमानाने पेन्शनसह निवृत्त झालेले, सेवेमुळे आलेल्या आजाराने किंवा इजेने वैद्यकीय कारणावरून बाहेर पडून पेन्शन मिळवणारे, सैन्यकपातीमुळे मुक्त झालेले, आणि ठरावीक मुदतीची नेमणूक पुरी करून उपदानासह म्हणजे ग्रॅच्युइटीसह मुक्त झालेले, असे सैनिक तीत येतात. स्वतःच्या विनंतीवरून पेन्शनपूर्वी नोकरी सोडलेला किंवा शिस्तभंगामुळे काढलेला सैनिक सामान्यतः येत नाही, आणि त्याच्याबरोबर त्याची मुलेही व्याख्येबाहेर जातात.

खानदेशात या व्याख्येबाबत एक विशेष गैरसमज आढळू शकतो, कारण गणवेशाशी किंवा संरक्षण खात्याशी संबंधित अनेक प्रकारच्या नोकऱ्या येथे शेजारी शेजारी नांदतात. भुसावळ आणि वरणगाव येथील आयुधनिर्माणीतील कामगार संरक्षण उत्पादनात असले तरी नागरी कर्मचारी आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून या निर्माणी शासकीय कंपन्यांच्या अखत्यारीत गेल्या आहेत. धुळ्याच्या राज्य राखीव पोलीस बलाच्या गटातील जवान राज्य पोलिसांत मोडतो. केंद्रीय राखीव पोलीस दल किंवा सीमा सुरक्षा दल यांच्या जवानांसाठी गृह मंत्रालयामार्फत पंतप्रधान शिष्यवृत्तीचा वेगळा प्रवाह आहे, आणि दहशतवादी वा नक्षलवादी हल्ल्यात मृत्यू पावलेल्या राज्य पोलिसांच्या मुलांना तो २०१९ पासून खुला झाला. यांपैकी कोणाच्याही पाल्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून माजी सैनिकाचा पाल्य असल्याचे प्रमाणपत्र मिळत नाही.

शिष्यवृत्तीचे नियम

माजी सैनिकांच्या पाल्यांसाठीची सर्वांत महत्त्वाची केंद्रीय योजना म्हणजे २००६-०७ पासून चालणारी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना होय. राष्ट्रीय संरक्षण निधीतून चालणाऱ्या या योजनेत दरवर्षी ५,५०० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात आणि त्या मुलगे व मुली यांच्यात निम्म्या निम्म्या वाटल्या जातात. २०१९-२० पासून मुलांना दरमहा २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये मिळतात. बारावी, पदविका किंवा पदवी यांपैकी जी प्रवेशाची किमान अर्हता असेल, तिच्यात ६० टक्के गुण हवेत. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त व्यावसायिक पदवीचा हवा. परदेशातील किंवा दूरस्थ शिक्षणाला ही योजना लागू नाही. अर्ज पहिल्या वर्षातच करावा लागतो, त्यामुळे ज्या कुटुंबाला योजनेची माहिती मुलगी दुसऱ्या वर्षाला गेल्यावर होते, त्याला सामान्यतः संपूर्ण अभ्यासक्रमाच्या लाभाला मुकावे लागते.

अर्जदारांचा प्राधान्यक्रम सहा गटांत लावला जातो. प्रथम युद्धकार्यात मृत्यू पावलेल्यांचे पाल्य आणि विधवा, मग युद्धकार्यात अपंगत्व येऊन सेवामुक्त झालेल्यांचे पाल्य, नंतर लष्करी सेवेमुळे मृत्यू आलेल्यांचे पाल्य व विधवा, त्यानंतर लष्करी सेवेमुळे अपंगत्व आलेल्यांचे पाल्य, पुढे शौर्यपदकधारकांचे, आणि शेवटी अधिकारी दर्जाखालील सर्व माजी सैनिकांचे पाल्य व विधवा. आरोग्य धड ठेवून सन्मानाने निवृत्त झालेल्या शिपाई-हवालदारांची मुले या शेवटच्या गटात येतात. संख्येने हाच गट सर्वांत मोठा, आणि गुणांची खरी चुरस याच गटात होते.

दुसरी योजना संरक्षण मंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून चालते, जो ७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीचाच एक भाग आहे. हवालदार किंवा समकक्ष दर्जापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन अपत्यांना पहिलीपासून पदवीपर्यंत, तसेच विधवेला दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी, या निधीतून अनुदान मिळते. दीर्घकाळ दरमहा १,००० रुपये असलेली ही रक्कम १ नोव्हेंबर २०२५ पासून २,००० रुपये झाली. येथे गुणांची चुरस नाही. मागील इयत्ता उत्तीर्ण झाल्याचा पुरावा पुरतो. नायब सुभेदार आणि त्यावरील कनिष्ठ अधिकाऱ्यांची मुले मात्र या रेषेपलीकडे राहतात, जरी हवालदार आणि नायब सुभेदार यांच्या घरची आर्थिक स्थिती फारशी निराळी नसते.

राज्य पातळीवर पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाच्या कल्याण योजना, सैनिकी मुला-मुलींची वसतिगृहे आणि महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावरून मिळणारी माजी सैनिकांच्या पाल्यांची शैक्षणिक सवलत यांची भर पडते.

जागांचे आरक्षण

पैशापेक्षाही जागा मोलाची ठरते, असे अनेक कुटुंबांच्या बाबतीत घडते. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत संरक्षण दलातील व्यक्तींच्या पाल्यांसाठी ५ टक्के, पण एका संस्थेत कमाल ५, जागा राखीव असतात. पात्रतेचे तीन वर्ग आहेत : महाराष्ट्राचे अधिवासी असलेल्या माजी सैनिकांचे पाल्य, महाराष्ट्राचे अधिवासी असलेल्या सेवेतील सैनिकांचे पाल्य, आणि अधिवासी नसले तरी महाराष्ट्रात बदलून आलेल्या वा ज्यांचे कुटुंब येथे राहते अशा सेवेतील सैनिकांचे पाल्य. वैद्यकीय प्रवेशातही अशाच तीन वर्गांची रचना आहे.

येथे अधिवास म्हणजे राज्यातील कायम वास्तव्य हा कळीचा मुद्दा ठरतो. वडिलांच्या बदल्यांमुळे ज्या मुलीची दहावी पठाणकोटला आणि बारावी झाशीला झाली, तिला सर्वसाधारण नियमानुसार महाराष्ट्राच्या कोट्यात स्थान मिळणे अवघड असते. सैनिकांसाठीच्या वर्गात मात्र पालकाचा अधिवास पाहिला जातो, आणि वारंवारच्या बदल्यांनी मुलांचे जे नुकसान होते त्याची ही रास्त भरपाई आहे. अशी मुलगी पिंप्राळ्यात परतलेल्या हवालदाराची असेल, तर वडिलांचे अधिवास प्रमाणपत्र आणि जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र या दोन कागदांच्या बळावर ती जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील राखीव जागेसाठी उभी राहू शकते.

केंद्र शासनाच्या पातळीवर संरक्षण मंत्रालयाने अशा जागांसाठी नऊ पायऱ्यांची प्राधान्य-यादी ठरवून दिली आहे. तिच्या पहिल्या पाच पायऱ्या वर सांगितलेल्या शिष्यवृत्तीच्या क्रमाशी मिळत्याजुळत्या असून सहावी सर्व माजी सैनिकांच्या पाल्यांची, सातवी अपंगत्व आलेल्या किंवा शौर्यपदकधारक सैनिकांच्या पत्नींची, आठवी सेवेतील सैनिकांच्या पाल्यांची आणि नववी सेवेतील सैनिकांच्या पत्नींची आहे. लष्कराच्या कल्याण शिक्षण संस्थेची महाविद्यालये, उदाहरणार्थ १९९४ मध्ये सुरू झालेली पुण्याची आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, केवळ भूदलातील सैनिकांच्या मुलांसाठी आहेत. तेथे सेवेतील सैनिकाची सलग किमान १० वर्षे सेवा, किंवा माजी सैनिकाला नियमित, कौटुंबिक वा अपंगत्व पेन्शन, अशी अट असते. नौदल किंवा हवाई दलातील सैनिकाचे मूल तेथे अपात्र ठरते.

कुटुंब म्हणजे कोण

नियमांच्या भाषेत कुटुंबाची व्याप्ती घरातील व्याप्तीपेक्षा बरीच लहान आहे. ‘पाल्य’ म्हणजे अवलंबून असलेला मुलगा वा मुलगी. दत्तक अपत्याच्या बाबतीत लष्करी महाविद्यालये दत्तकविधान अभ्यासक्रमाच्या किमान पाच वर्षे आधी झालेले असावे असा आग्रह धरतात, जेणेकरून केवळ प्रवेशासाठी दत्तक घेण्याला आळा बसावा. विधवेला स्वतःच्या शिक्षणासाठी मदत आहे. परंतु हयात असलेल्या, अपंगत्व वा पदक नसलेल्या माजी सैनिकाच्या पत्नीचा उल्लेख शिष्यवृत्तीत नाही आणि नऊ पायऱ्यांच्या यादीतही नाही. पतीच्या बदल्यांमागे फिरताना जिचे शिक्षण अर्धवट राहिले, अशी स्त्री चाळिशीत पुन्हा शिकू पाहील तर भारतीय व्यवस्थेत तिच्यासाठी दार नाही. अमेरिकी हस्तांतराच्या पद्धतीत हे दार प्रथम तिच्यासाठीच उघडते. ही भारतीय नियमांतील मोठी उणीव आहे.

भावंडांची स्थितीही अशीच आहे. अविवाहित सैनिकाला वीरमरण आले तर पेन्शन आई-वडिलांना मिळते, पण त्याच्या पगारावर शिकत असलेली धाकटी बहीण पाल्याच्या व्याख्येत बसत नाही. विशी-पंचविशीत मृत्यू पावणाऱ्या जवानांच्या बाबतीत प्रत्यक्षात अवलंबून असणारी व्यक्ती अनेकदा बहीण-भाऊच असते, हे लक्षात घेता ही व्याख्या बदलणे गरजेचे आहे.

नोंदी आणि त्यांची किंमत

लाभाचे दार उघडण्यासाठी लागणारे कागद निवृत्तीच्या फार आधी तयार होत असतात. सैनिकाचे लग्न झाले किंवा अपत्य जन्मले की पलटणीत त्याची ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते, म्हणजे सेवापत्रकात कौटुंबिक बदलाची अधिकृत नोंद होते; निवृत्तीच्या वेळी हीच नावे आणि जन्मतारखा डिस्चार्ज बुकात उतरतात. जन्माच्या वेळी पलटणीत लिहिलेले नाव, शाळेच्या दाखल्यावरील नाव आणि आधार कार्डावरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला, किंवा अपत्याची नोंदच राहून गेली असली, तर जिल्हा कार्यालयाला अर्ज पुढे नेता येत नाही आणि दुरुस्तीसाठी दूरच्या रेकॉर्ड ऑफिसशी, म्हणजे त्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाशी, पत्रव्यवहार करावा लागतो. प्रवेशफेरीची मुदत मात्र त्या पत्रोत्तरासाठी थांबत नाही.

मृत्यू किंवा अपंगत्वाच्या वर्गीकरणात तर याहून अधिक पणाला लागते. ३१ जानेवारी २००१ च्या शासनादेशाने पेन्शनसाठी अशा घटनांचे पाच वर्ग केले आहेत : सेवेशी संबंध नसलेले नैसर्गिक कारण, सेवेमुळे उद्भवलेला किंवा बळावलेला आजार, कर्तव्य बजावताना झालेला अपघात, दहशतवादी वा समाजकंटकांच्या हल्ल्यातील घटना, आणि शत्रूशी लढताना किंवा युद्धसदृश स्थितीतील घटना. चौकशी समितीने किंवा वैद्यकीय मंडळाने लिहिलेल्या एका ओळीवर केवळ पेन्शनच नव्हे तर मुलांची शैक्षणिक प्राधान्याची पायरीही ठरते. अपंगत्व ‘सेवेमुळे नाही’ असे नोंदले गेले की मूल चौथ्या गटातून थेट शेवटच्या गटात जाते. अशा नोंदींविरुद्ध सशस्त्र दल न्यायाधिकरणात दाद मागता येते, परंतु निकाल लागेपर्यंत शिक्षणाची वर्षे निघून जातात.

अग्निवीर आणि पुढील प्रश्न

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने या साऱ्या चौकटीपुढे नवा प्रश्न उभा केला आहे. अग्निवीराची सेवा चार वर्षांची असून एका तुकडीतील कमाल २५ टक्के जणांना पुढे नियमित सेवेत घेतले जाते. उरलेल्यांना सेवानिधीची सुमारे ११.७१ लाख रुपयांची रक्कम मिळते, पण पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. सेवेतील अनुभवाच्या आधारे पदवी मिळवण्याची सोय इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने केली आहे, म्हणजेच अग्निवीराच्या वाट्याला येणारा शैक्षणिक लाभ त्याच्या स्वतःपुरता आहे. त्याच्या भावी अपत्यांना वर वर्णन केलेल्या बहुतेक योजना आणि आरक्षणे लागू होणार नाहीत, कारण त्या सर्वांची पायाभूत संज्ञाच त्याच्या बाबतीत गैरलागू ठरते. चार वर्षे सीमेवर काढलेल्या तरुणाला आपला शैक्षणिक लाभ स्वतः वापरायचा की पुढे मुलासाठी राखून ठेवायचा, हे ठरवण्याची मुभा देणे शासनाला अशक्य नाही. हस्तांतराची अमेरिकी कल्पना भारतात खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल ती याच ठिकाणी.

निष्कर्ष

भारतीय पद्धतीचे बलस्थान असे की तीत मुलाचा हक्क वडिलांच्या किंवा सैनिक आईच्या इच्छेवर अवलंबून राहत नाही, आणि हुतात्म्यांची मुले निःसंशय अग्रस्थानी असतात. तिचे दौर्बल्य असे की पात्रतेचा निवाडा पाल्याच्या प्रवेशाच्या वेळी, म्हणजे सर्वांत उशिरा, होतो. हस्तांतराची अट म्हणून अमेरिकी सैनिकाला सेवेत असतानाच कुटुंबीयांची नावे नक्की करावी लागतात. ती शिस्त भारतात हस्तांतराशिवायही आणता येईल. निवृत्तीच्या दिवशी डिस्चार्ज बुकाबरोबर प्रत्येक अपत्याच्या नावे शैक्षणिक पात्रतेचे एकच प्रमाणपत्र द्यावे, त्यात प्राधान्याचा वर्ग लिहिलेला असावा, आणि तेच प्रमाणपत्र केंद्रीय शिष्यवृत्तीपासून राज्याच्या प्रवेशफेरीपर्यंत सर्वत्र ग्राह्य मानावे. हवालदारावर थांबणारी अनुदानाची रेषा कनिष्ठ अधिकाऱ्यांपर्यंत न्यावी, शिष्यवृत्तीचा अर्ज दुसऱ्या वर्षीही करू द्यावा, पत्नीला आणि अविवाहित हुतात्म्याच्या भावंडांना कुटुंबाच्या व्याख्येत स्थान द्यावे. यांतील बहुतेक सुधारणांना फार मोठा निधी लागणार नाही. सैनिकाने देशासाठी घालवलेल्या वर्षांची नोंद देशाने वेळेवर आणि नीट ठेवावी, एवढीच त्यांची मागणी आहे, आणि ती पूर्ण करणे हे शासनाचे कर्तव्य आहे.